केसपेपरवर काय लिहिणार?

मुलगी सात वर्षांची. ताप नाही, गाठ नाही, कुठे दुखत नाही. आई तिला दवाखान्यात आणते. डॉक्टर हातमोजे चढवतात, भूल देतात आणि तिच्या शिश्निकेवरची त्वचा कापतात. केसपेपरवर निदान काय लिहिणार?

दाऊदी बोहरा समाजात याला खतना किंवा खफ्ज म्हणतात. पूर्वी मोहल्ल्यातली एखादी बाई घरातच ब्लेडने हे उरकायची. खाऊचं आमिष दाखवून नेलं, पाय दाबून धरले, ही आठवण आता बोहरा बायकाच स्वतःच्या नावानिशी सांगताहेत. याविरुद्ध उभी राहिलेली ‘सहियो’ संघटना २०१५ साली मुंबईतच सुरू झाली. इकडे शहरांत काही डॉक्टर तेच काम करू लागले. ‘निदान जंतुसंसर्ग तरी होणार नाही,’ हा त्यावरचा युक्तिवाद.

तो मला अजिबात मान्य नाही. ब्लेड निर्जंतुक झालं, म्हणून कापण्याला कारण मिळत नाही. उलट, डॉक्टर करताहेत म्हणजे बरोबरच असणार, असं घरच्यांना वाटतं आणि मोडकळीला आलेली प्रथा पुन्हा उभी राहते. इजिप्तकडे बघा. २००८ पासून बंदी आहे, तरी बहुतेक मुलींवर हे डॉक्टर-नर्सच करत आले. २०१३ मध्ये तिथे एका डॉक्टरने हे केल्यावर १३ वर्षांची मुलगी दगावली. त्या डॉक्टरला शिक्षा व्हायला २०१५ उजाडलं.

या कापण्याचा आरोग्याला काडीचा फायदा नाही, हे जागतिक आरोग्य संघटना कधीपासून सांगतेय. त्रास मात्र खरा आहे: रक्तस्राव, लघवीच्या तक्रारी, पुढे शरीरसंबंधातल्या वेदना.

स्वच्छतेचंच म्हणाल, तर सोनोग्राफीही स्वच्छ आणि सुरक्षितच होती की! तरी गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला आणि डॉक्टरांना जबाबदार धरलं. खतन्याविरुद्ध असा वेगळा कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याविरुद्धची याचिका मोठ्या खंडपीठाकडे सोपवली. पण तेव्हाचं भारतीय दंडविधान आणि बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा यांखाली हा गुन्हाच आहे, असं केंद्र सरकारनेच तिथे सांगितलं होतं.

डॉक्टर, निकालाची वाट बघू नका. नाही म्हणा. आणि त्या आईला नुसतं परत पाठवू नका. समोर बसवून का नाही, ते नीट समजावून सांगा. तुमचं ती ऐकेल.