जावयांचे दात आणि सहा कप चहा

एडिसन, न्यू जर्सी

ती. आईस,

तुझ्या जावयांनी चाळिशी उलटल्यावर दात सरळ करायला घेतलेत. तारा नाहीत गं, पारदर्शक प्लास्टिकचे साचे असतात, अलायनर. दिवसाचे 22 तास तोंडात. उरलेल्या दोन तासांत नाश्ता, जेवण आणि (इथेच घोडं पेंड खातंय) सहा कप चहा!

डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, साचा घालून फक्त साधं पाणी. कडक गरम चहाने प्लास्टिक वाकतं. 80 अंशांच्या आसपास तर काही प्लास्टिकं मऊच पडतात. आकार बिघडला की दात भलतीकडेच ढकलले जाणार. कोक त्याहून वाईट. साखर नि आम्ल साच्याखाली अडकतं, धुऊन काढायला लाळ तिथे पोचत नाही. यावर ह्यांनी शक्कल लढवली, चहा स्ट्रॉने! जीभ पोळली ती पोळलीच, वर साचाही तांबूस.

पुढे मेतकूट-भात साच्यासकट हाणला. दाढांच्या खळग्यांत पिवळाधमक रंग, डब्याच्या झाकणाला बसतो तस्सा. हळद ती, पाण्याला थोडीच दाद देणार? मग साहेबांनी साचा रात्रभर हिरव्या माऊथवॉशमध्ये बुडवला. सकाळी पिवळ्यावर हिरवी झाक! त्यातलं अल्कोहोल प्लास्टिकला मानवत नाही ते वेगळंच. टूथपेस्टनेही चरे पडतात. गार पाणी नि मऊ ब्रश, एवढंच पथ्य.

हे साचे आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलतात, म्हणून निभावतंय. शेवटी दात मूळ पदावर येऊ नयेत म्हणून रिटेनर मिळेल, तो मात्र वर्षानुवर्षं टिकवायचाय. तेव्हा काय करतील देव जाणे.

डिसेंबरात येतोय. बाबा नान-खलिया आणणारच, आणा म्हणावं. उस्मानपुऱ्याच्या तारा पान सेंटरचं पानही होऊ दे. फक्त ताटावर बसताना साचा डबीत गेला का, तेवढं बघ. कागदी रुमालात गुंडाळला तर कामाच्या मावशी केरात काढतील. आणि तू मेहेरबानी करून तो निर्जंतुक करायला उकळत्या पाण्यात टाकू नकोस! बाबांच्या कवळीलाही ते चालत नाही. सकाळच्या चहाला ह्यांची डबी नि बाबांच्या कवळीची वाटी वेगवेगळ्या फळ्यांवर ठेव. बाबा पहाटे चष्म्याशिवाय उठतात.

तुझी,
लेक