फेम्टोमीटरचे पेटामीटर करण्याची इंदुरी रीत

फेम्टोमीटरमध्ये दिलेली लांबी पेटामीटरमध्ये मांडण्याचा प्रसंग गृहस्थाश्रमात क्वचितच उद्भवतो. परंतु उद्भवल्यास तो शेजाऱ्याला विचारून निभावता येण्याजोगा नसल्याने त्याची शास्त्रोक्त रीत घरात लिहून ठेवलेली बरी. मीटरचे दहा कोटी कोटी समान भाग केले असता त्यांतील एका भागास फेम्टोमीटर म्हणतात; अणुकेंद्रातील प्रोटॉनाचा व्यास अशा पावणेदोन भागांच्या आतच आटोपतो. उलट दहा कोटी कोटी मीटर एकापुढे एक मांडले की पेटामीटर होतो, आणि प्रकाशाला वर्षभर धावू दिले तर तो असे साडेनऊ पेटामीटरही पुरते ओलांडत नाही. ‘फेम्टो’ हा उपसर्ग पंधरा या अर्थाच्या डॅनिश शब्दावरून १९६४ मध्ये घेतला गेला, तर ‘पेटा’ हा पाच या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून १९७५ मध्ये; एकाने शून्ये मोजली आणि दुसऱ्याने हजाराचे घात मोजले, एवढाच काय तो मतभेद.

कृती अशी, की दशांशचिन्ह तीस घरे डावीकडे सरकवावे. कृती येथेच संपते. अडचणी मात्र येथून सुरू होतात. मेट्रिक उपसर्ग तीन-तीन शून्यांच्या पायऱ्यांनी चढतात, तर मराठी माणूस हजारापर्यंत त्यांच्या बरोबरीने जाऊन पुढे लाख, कोटी, अब्ज असा दोन-दोन शून्यांनी चालू लागतो. त्यामुळे ‘मेगा’पाशी त्याला दहा लाख असे जोडनाव वापरावे लागते, ‘गिगा’पाशी अब्जाच्या रूपाने दोघांची पुन्हा गाठ पडते आणि ‘टेरा’पाशी, म्हणजे लाख कोटींवर, अर्थसंकल्पाच्या बातम्या नियमित वाचणाऱ्यालाच काय तो धीर धरवतो. यावर पूर्वजांनी तोडगा काढून ठेवलेला आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) संख्यास्थानांची जी नावे येतात, त्यांत दहाच्या पंधराव्या घाताला ‘अंत्य’ म्हटले आहे, आणि त्यानंतरही ‘मध्य’ व ‘परार्ध’ अशी दोन स्थाने शिल्लक ठेवून शेवटानंतर मध्य येतो असा, सरकारी कामकाजाची ओळख असणाऱ्यांना मुळीच न खटकणारा, क्रम लावला आहे. त्या हिशेबाने पेटामीटरला ‘अंत्यमीटर’ म्हणता येईल. मात्र तो शब्द ऐकणाऱ्याच्या मनात भलतीच यात्रा उभी राहण्याचा संभव असल्याने तो रूढ करण्याची शिफारस येथे केलेली नाही.

सरावासाठी बारीक शेव उपयोगी पडते. तिची जाडी एक मिलिमीटर धरल्यास ती लाख कोटी फेम्टोमीटर भरते. हिशेब पुरा होईपर्यंत शेव न खाण्याचे पथ्य मात्र इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, पाळले जाण्याची शक्यता कमी. संयमी विद्यार्थ्याने त्यापेक्षा इंदूरच्याच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील ‘इंडस-२’ हे यंत्र डोळ्यांपुढे आणावे. हे सिंक्रोट्रॉन आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनांना चुंबकांच्या साहाय्याने वळवत, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, बंद मार्गावर फिरवत ठेवणारे यंत्र. वळताना त्यांच्यापासून जे क्ष-किरण निघतात, त्यांच्यापैकी ज्यांची तरंगलांबी एक अँगस्ट्रॉम असते, त्यांची लांबी फेम्टोमीटरच्या हिशेबात नेमकी एक लाख येते. या मार्गाचा परीघ सुमारे १७२.५ मीटर असल्याने इलेक्ट्रॉनाच्या सेकंदाला सतरा लाखांवर प्रदक्षिणा होतात, आणि तो तेवढा काळ टिकला असता तर एकोणचाळीस दिवसांच्या आत त्याचा एक पेटामीटर प्रवास पुरा झाला असता. मापाची दोन्ही टोके गाठण्यासाठी इंदूर सोडावे लागत नाही, हे येथे आवर्जून नोंदवावेसे वाटते. पोहे-जिलबीमुळे ते सोडवतही नाही, हा भाग वेगळा.

वरील रीत कागदापुरतीच खरी आहे, याची जाणीव विद्यार्थ्याला रेल्वे करून देते. १८७० मध्ये लोहमार्गासाठी महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले, आणि खंडव्याहून इंदूरकडे आलेल्या त्या मार्गाचे रूळ एकमेकांपासून बरोबर एक मीटर अंतरावर घालण्यात आले, कारण हिंदुस्थानात मेट्रिक मापे आता येतीलच असा त्या काळी भरवसा होता. ती मापे लागू करणारा कायदा १९५६ मध्ये झाला, म्हणजे बाजारात कापड गजाने मोजणाऱ्या गावात मीटर सुमारे ऐंशी वर्षे केवळ रुळांच्या मध्ये आडवा पडून होता. पुढे बाजाराने मीटर स्वीकारला आणि रेल्वेने तो उखडायला घेतला. या क्रियेला रेल्वेची हिंदी ‘आमान परिवर्तन’ म्हणते, ‘आमान’ म्हणजे दोन रुळांतील अंतर, आणि ते १,००० मिलिमीटरवरून १,६७६ मिलिमीटरवर नेणे एवढाच त्याचा आशय. वाढीव ६७६ मिलिमीटर म्हणजे ६७६ लाख कोटी फेम्टोमीटर, किंवा दशांशचिन्हानंतर पंधरा शून्ये लिहून पुढे ६७६ लिहिले असता येतील तेवढे पेटामीटर. हे उदाहरण पाटीवर अर्ध्या मिनिटात सुटते. इंदूर–महू मार्गावर ते सुटायला एकविसाव्या शतकाचे दुसरे दशक उजाडावे लागले, आणि महूपुढच्या घाटात पाताळपाणी ते कालाकुंड या टप्प्यावर तर २०१८ मध्ये जुन्या मीटरगेजवरूनच वारसा गाडी सुरू करण्यात आली.