मोहाखालची तक्रार

एटापल्ली तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी रोज रात्री जेवण उरकून गावाबाहेरच्या मोहाखाली उभे राहतात. उजवा हात वर, मान मागे, नजर आभाळात. नवख्या माणसाला वाटतं, गुरुजींना कसलासा नवस फेडायचा आहे. जवळ गेल्यावर हातातला मोबाइल दिसतो. गावात नेट मिळण्याची जागा तेवढी एकच.

दिवाळीपासून गुरुजींच्या मनात एक संशय घर करून आहे: कंपनी आपलं नेट मुद्दाम हळू करते. रिचार्ज ‘अनलिमिटेड’चा आणि आठ वाजले की पडद्यावर चक्र गरगर फिरतं. झाडीपट्टीतलं नाटक दिवाळीनंतर रात्री सुरू होतं ते पहाट झाल्याशिवाय थांबत नाही. अनलिमिटेड म्हणजे काय, हे या मुलखाला कंपनीनं शिकवायची गरज नव्हती.

‘‘मलेच काहून?’’ गुरुजींनी किराणा दुकानदाराला विचारलं. रिचार्ज तोच मारून देतो.

‘‘तुमचाच नाही जी, साऱ्यायचाच अटकते.’’

गुरुजींचं समाधान झालं नाही. त्यांनी जुन्या हजेरीपटाची कोरी पानं काढली आणि नेटची हजेरी मांडायला सुरुवात केली. पहाटे पाच: हजर. दुपारी दोन: उशिरा. रात्री आठ: गैरहजर, कारण कळवलेले नाही.

कारण कळवलेलं होतं. दररोज न वाचता पुसून टाकलेल्या संदेशांत ते होतं: आजचा दीड जीबी डेटा संपला, यापुढे वेग ६४ केबीपीएस. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी सातवीच्या फळ्यावर गणित घातलं. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. दिवसाचे सेकंद ८६,४००. चोवीस तास न झोपता, न जेवता, अखंड डाउनलोड केलं तरी हाती लागतात ६९१ एमबी. मागच्या बाकावरच्या पोरीनं हात वर केला. ‘‘गुरुजी, मंग अमर्याद हे मर्यादेच्या अर्ध्याहून कमी झालं ना जी?’’

गुरुजींनी तिला शाबासकी दिली आणि फळा पुसला नाही.

जगात असा संशय घेणारे ते पहिले नव्हते. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीनं अमर्याद डेटा विकून ठरावीक वापरानंतर वेग कापला, म्हणून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१४ मध्ये तिच्यावर खटला भरला. २०१९ मध्ये ६ कोटी डॉलर देऊन तो मिटला. त्याआधी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाचं जंगल पेटलं असताना सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाच्या गाडीचं व्हेरायझनचं ‘अनलिमिटेड’ नेट जवळपास दोनशेव्या भागावर आलं होतं. आग समोर आणि कंपनीचं उत्तर: महागडा प्लॅन घ्या. चूक झाली, हे कंपनीनं नंतर कबूल केलं. उन्हाळ्यात वणव्यामागे धावणाऱ्या इथल्या वनरक्षकाला गुरुजींनी ही हकिकत सांगितली. तो म्हणाला, ‘‘त्यायच्या जंगलात निदान हळू करायले नेट तरी हाय.’’

आपल्याकडेही जास्त पैसे देणाऱ्यांना जास्त वेग देऊ करणारे एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाचे प्लॅन जुलै २०२० मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं रोखून धरले होते. एकाच्या ताटात तूप वाढताना दुसऱ्याची वाटी रिकामी होते का, हा ट्रायचा प्रश्न होता. गुरुजींना तो प्रश्न फार आवडला. शालेय पोषण आहाराच्या रांगेत ते रोज तोच विचारतात.

तरी हजेरीपटातल्या काही नोंदी जुळेनात. काही दिवशी डेटा शिल्लक असूनही रात्री आठला चक्र फिरत होतं. मग त्यांनी दुकानदाराचं त्याच कंपनीचं, त्या दिवशी न वापरलेलं सिम मोहाखाली आणलं. तेही गरगरलं. पहाटे पाचला दोन्ही फोन हरणासारखे पळाले.

म्हणजे आठचा चोर वेगळा होता. एका हापशीवर सारं गाव एकाच वेळी घागरी घेऊन आलं, तर धार कोणी कापत नाही, ती वाटली जाते. टॉवरचंही तसंच. त्यात इथल्या टॉवरांची कथा निराळी. नक्षलग्रस्त दहा राज्यांत केंद्राच्या योजनेतून पहिल्या टप्प्यात उभारलेले २,३४३ टॉवर टूजीचे होते. ते फोरजी करायला मंजुरी मिळाली एप्रिल २०२२ मध्ये. जिथं फायबर पोचत नाही तिथं टॉवर उपग्रहाशी बोलतो, आणि तो उपग्रह ३६,००० किलोमीटरवर. शिवाय ओली पानं लहरी शोषतात. पावसाळ्यात साग पानांनी भरला, की गुरुजींच्या मते तोही कंपनीला सामील होतो.

राहता राहिला दीड जीबी रात्री आठच्या आत कोणी खाल्ला, हा मुद्दा. फोनच्या सेटिंगमध्ये शोध घेता आरोपी सापडले. एक होता ‘शुभ सकाळ’चे व्हिडिओ आपोआप उतरवून घेणारा नातेवाइकांचा गट. दुसरा होता वरिष्ठांनी मागितलेले शाळेचे फोटो गुपचूप पुन्हा पुन्हा वर चढवणारा बॅकअप. दोघांवर कारवाई करणं गुरुजींच्या अधिकाराबाहेर होतं.

तेव्हा तक्रार कंपनीविरुद्धच करायचं ठरलं. पुरावा म्हणून हजेरीपटाच्या चार पानांचे फोटो काढले. प्रत्येकी तीन एमबी, एकूण बारा. पाठवायला घेतलं तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते आणि ‘आजचा डेटा संपला’ हा संदेश आला होता. सेकंदाला ८ केबी, म्हणजे पंचवीस मिनिटं. गुरुजींनी हात बदलला, डास मारला, पुन्हा हात बदलला.

दुकान बंद करून घरी निघालेला दुकानदार मोहापाशी थांबला. ‘‘गेली का जी तक्रार?’’

‘‘निघाली आहे,’’ गुरुजी म्हणाले.