रांगेत आहात, बसून घ्या

पितृपंधरवड्यात आपल्याकडे गाडीची डिलिव्हरी घेत नाहीत, फ्लॅटचं टोकन देत नाहीत, काही घरांत तर नव्या टॉवेलची घडीही मोडत नाहीत. तरी २२ सप्टेंबर २०२४ च्या रविवारी, ऐन पंधरवड्यात, भर दुपारी बारा वाजता मुंबई-पुण्यातली शिकलीसवरली मंडळी मोबाइल, लॅपटॉप, टॅब आणि शेजाऱ्यांचं वायफाय असा सगळा सरंजाम मांडून खरेदीला बसली होती. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारीत कोल्डप्ले हा बँड यायचा होता. तिकीट अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत, माणशी चारच. बारा वाजायच्या आतच संकेतस्थळाने मान टाकली. ती पुन्हा वर आली तेव्हा प्रत्येकाच्या पडद्यावर एक आकडा होता : आपल्यापुढे इतके लाख लोक आहेत. कृपया पान बंद करू नका.

विकणाऱ्या कंपनीनेच पुढे सांगितलं की त्या दिवशी १ कोटी ३० लाख लोक आले होते. तिसरा दिवस तर विक्री चालू असतानाच वाढवला; तरी तिन्ही दिवसांच्या जागा एकत्र केल्या तर आकडा दोन लाखांच्या आतच राहतो. तिकीट न मिळणं हा बिघाड नव्हताच, तो भागाकार होता. पण भागाकारावर उपाय सांगता येत नाही, बिघाडावर येतो. म्हणून त्या संध्याकाळपासून जाणकारांचं पीक आलं.

जाणकाराचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘‘कॅशे साफ केली होती का?’’ आजीच्या काळी डोकं दुखो की गुडघा, वैद्यबुवा आधी पोट साफ होतं का ते विचारत, तसंच हे. कॅशे म्हणजे काय ते ऐकणाऱ्याला माहीत नसतं आणि सांगणाऱ्याला तर त्याहून नसतं, पण ती साफ नसणं हा आपलाच गुन्हा आहे यावर दोघांचं एकमत असतं. मग कुकीज काढा, ब्राउझर बदला, व्हीपीएन बंद करा, वायफाय सोडून डेटावर या, डेटा सोडून वायफायवर या. फोन एकदा बंद करून चालू करा. ‘त्यांनी सर्व्हर वाढवावेत’ हा उपाय या यादीत कुठेच नसतो. दोष कुठे आहे हे आधी ठरलेलं असतं, तो तुमच्या घरातल्या कोणत्या खोलीत आहे एवढंच शोधायचं बाकी असतं.

सगळेच सल्ले टाकाऊ असतात असंही नाही. अनेक ठिकाणी वेळेआधी आलेल्या सर्वांना एका प्रतीक्षाकक्षात बसवतात आणि विक्री उघडताच चिठ्ठ्या काढल्यासारखे क्रमांक वाटून टाकतात. पहाटे पाचपासून बसलेला आणि विक्री उघडायच्या मिनिटभर आधी आलेला, दोघे सारखेच. रिफ्रेश केलं तर हातचा क्रमांक जाऊ शकतो. एकाच खात्याने पाच खिडक्या उघडल्या तर यंत्र तुम्हालाच यंत्र समजतं आणि रस्त्यावरचे सिग्नल कुठल्या कुठल्या चौकोनात दिसतात ते विचारतं. हे सगळं खरं आहे. फक्त रॉकेल, शाळाप्रवेश आणि मे महिन्यातलं एसटीचं आरक्षण या तिन्ही गोष्टी ज्याने पहाटे उठून नंबर लावून मिळवल्या, त्याला ‘लवकर येण्याचा उपयोग नाही’ हे पटवून दाखवा. तो तरी पाचला उठणारच. उठून चिठ्ठीत शेवटचा क्रमांक आला की बाराला एक मिनिट असताना आलेल्या भाच्याला मिळालं, हे ऐकण्यासाठी जागा राहणार.

खिडकीच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांत मी नाही. नाटकाच्या खिडकीवर कागदाचा प्लॅन असायचा, त्यावर पेन्सिलीच्या फुल्या. प्लॅन उघडायच्या दिवशी पहिला नंबर लावला तरी पहिल्या तीन रांगांवर आधीच फुल्या मारलेल्या. कोणी मारल्या, तर ‘वरून’. पण खिडकीतला माणूस निदान हाडामांसाचा होता. ‘‘संपली’’ म्हणताना तो मान वर करत नसे, पण ‘‘अहो, आत्ता तर उघडलीत, संपली कशी?’’ असं त्याला विचारता यायचं. मागचे चार जण आपल्या बाजूने गलका करायचे. दोन तिकिटं कुठूनतरी निघायचीदेखील. आणि त्याने कधी कोणाला, तुम्ही घरून निघताना कोणत्या रस्त्याने आलात, असं विचारून रांगेतून काढलं नाही.

परवा शेजारच्या काकांकडे आवाज वाढला, म्हणून विरजण मागायच्या निमित्ताने मी आत जाऊन बसलो. रविवारच्या प्रयोगाची चार तिकिटं काढायची होती. जाणकारांच्या सल्ल्यानुसार आघाड्या दोन : काका लॅपटॉपवर, चिरंजीव पुण्याहून मोबाइलवर, आणि मध्ये स्पीकरवर टाकलेला फोन. काकू चष्मा लावून मार्गदर्शनाला.

‘‘एल रांग आहे. चौदा ते सतरा,’’ काका म्हणाले.

‘‘मध्ये खांब नाही ना?’’

‘‘खांब दाखवत नाहीत गं यात.’’

‘‘मग घ्यायच्या कशा? आणि वन्संना कडेची लागते, गुडघ्यामुळे.’’

‘‘कडेची घेतली तर तिरकं दिसतं.’’

‘‘पंख्याखालची नको हं. मागच्या वेळी—’’

‘‘एसी आहे तिथे!’’

‘‘मग एसीखालची नको.’’

एवढ्यात एल चौदा ते सतरा हिरव्याच्या करड्या झाल्या. कोणीतरी डोळ्यांदेखत उचलल्या. काकांनी त्या अज्ञात इसमाच्या सात पिढ्यांचा जाहीर उद्धार केला आणि तिरमिरीत एम रांगेतल्या कडेच्या चार जागांवर बोट ठेवलं. पडद्यावर उलटं घड्याळ सुरू झालं : दहा मिनिटं. त्याच वेळी स्पीकरमधून पुण्याचा आवाज आला : ‘‘बाबा, एल चौदा ते सतरा मिळाल्यात. पेमेंट करू का? आत्याला एकदा विचारायचं होतं, ग्रुपवर पोल टाकलाय.’’

एक कोटी तीस लाखांतली किती घरं त्या रविवारी अशी आपल्याच पोराशी झुंजत होती, हे कोणी मोजलेलं नाही. दोन फोनवरून प्रयत्न करा, तीन फोनवरून करा, हा सल्ला सगळ्यांनी पाळला की रांग तिप्पट होते आणि मग आणखी एक फोन लागतो.

पोलवर आत्याने हात जोडलेलं चित्र टाकलं. ते हो की नाही हे ठरेपर्यंत पुण्याचं घड्याळ संपलं. इकडे काकांनी कार्डाचा सोळा आकडी क्रमांक घातला, ओटीपी काकूंच्या फोनवर गेला, काकूंचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता, चार्जर मिक्सरच्या मागे. ‘‘नऊ, सहा, दोन... थांबा, हा सिलिंडरवाल्याचा दिसतोय.’’ खरा ओटीपी सापडला, घातला, बँकेचा संदेश आला : दोन हजार एकशे काही रुपये खात्यातून वजा. पडद्यावर मात्र लिहून आलं : आपलं सत्र संपलं आहे, कृपया पुन्हा प्रयत्न करा. पैसे वेळेत निघाले होते, पोचताना वाटेत घड्याळ संपलं आणि जागा पुन्हा बाजारात गेल्या. यात काकांचं काय चुकलं असेल? मी विचारलं नाही, पण काकूंनी विचारलं.

मदत मागायला एक हसरं चित्र होतं. आपली अडचण निवडा : तिकीट डाउनलोड करणे, तिकीट रद्द करणे, इतर. काकांनी ‘इतर’ दाबलं. आपली अडचण निवडा, असं चित्र म्हणालं. मग काकांनी शुद्ध मराठीत लिहिलं : पैसे गेले, तिकीट आले नाही. चित्राने त्यांना त्यांच्या परिसरातले या आठवड्याचे लोकप्रिय कार्यक्रम सांगितले, त्यात वर हेच नाटक. शेवटी बराच वेळ दामटल्यावर चित्राने बुकिंग क्रमांक मागितला. बुकिंग क्रमांक बुकिंग झाल्यावर येतो. बुकिंग झालं नाही ही तक्रार करायला तो हवा. बँकेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला यातलं सौंदर्य लगेच कळलं. काका क्षणभर आदराने गप्प झाले.

दोन हजारांच्या तिकिटांवर एकशे काही रुपये कसले, हे काकूंनी मला विचारलं. सुविधा शुल्क. खुर्ची शोधायची आपण, नेट आपलं, ओटीपीसाठी मिक्सर हलवायचा आपण, तिकीट दाखवायचं तेही आपल्याच फोनवर. आणि सुविधेचे पैसे द्यायचेही आपण. नाटकाचं पाचशेपर्यंतचं तिकीट जीएसटीमुक्त आहे, या शुल्कावर मात्र अठरा टक्के आहे. रंगभूमीला सरकारने सूट दिलीय, रंगभूमीपर्यंत पोचण्याला नाही.

या शुल्कावर आपल्या राज्याने लढा दिलेला नाही असं नव्हे. ४ एप्रिल २०१३ ला सरकारने चित्रपटगृहांना ऑनलाइन तिकिटावर असं शुल्क घ्यायला बंदी केली, २०१४ च्या मार्चमध्ये ती पुन्हा बजावली. त्याच जुलैत उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि जुलै २०२५ मध्ये, असे आदेश काढायला कायद्याचा आधारच नाही म्हणून, ते रद्द केले. बारा वर्षांपैकी अकरा वर्षं स्थगितीत काढलेली बंदी आपल्या लक्षात राहिली नाही तर दोष आपला म्हणता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ऑनलाइन विक्रीतल्या तेरा लबाड्यांची यादी काढली. शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणं, खोटी घाई करणं, न विचारता टोपलीत काहीतरी टाकणं, नको म्हणणाऱ्याला लाज वाटेल असं बटण ठेवणं, सगळं त्यात आहे. यादी नीट वाचली, तर माणूस तिकीट काढताना कोणत्या पायरीवर कोणत्या क्रमांकाला बळी पडतोय एवढं मात्र त्याला सांगता येतं.

हे आपल्याकडेच चालतं अशी कोणी हळहळ करू नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये टेलर स्विफ्टच्या तिकिटांना अमेरिकेत विक्री यंत्रणेवर ३५० कोटी विनंत्या आदळल्या, यंत्रणा आडवी झाली, आणि पुढच्या जानेवारीत सिनेटच्या समितीने कंपनीला समोर बसवून विचारलं. तिकडे तिकिटं ओरबाडणाऱ्या बॉट्सविरुद्ध २०१६ पासून कायदा आहे. बॉट्सनी तो वाचला नसावा. आपल्याकडे कोल्डप्लेनंतर मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने कंपनीच्या प्रमुखाला बोलावणं धाडलं, ईडीने पाच शहरांत छापे टाकले. काळ्या बाजाराविरुद्धची जनहित याचिका उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. नियम करणं हे सरकार आणि विधिमंडळाचं काम, असं म्हणून. विधिमंडळातल्या मंडळींना तिकीट काढावं लागत असतं, तर एव्हाना दोन अधिवेशनं या विषयावर बंद पडली असती.

काकांना मी रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक दाखवलं. खात्यातून पैसे गेले आणि विकणाऱ्याकडे व्यवहार पक्का झाला नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत; पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि तीही न मागता. काकांनी चष्मा पुसला, परिपत्रक दोनदा वाचलं, तक्ता स्वतःच्या वहीत उतरवून घेतला. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. वीस दिवस लांबलं की चारही तिकिटं फुकट, महिना लागला तर मध्यंतरातले बटाटेवडे आणि येताना रिक्षा. त्या दिवसापासून त्यांनी तक्रारीचा पाठपुरावा सोडून दिला. हसऱ्या चित्राने ‘आपली समस्या सुटली का?’ असं विचारलं तेव्हा त्यांनी घाईघाईने ‘घाई नाही’ असं उत्तर दिलं. पुण्याच्या चिरंजिवांनी ‘बाबा, मी बँकेत फोन लावू का?’ म्हटल्यावर ते जवळजवळ ओरडलेच. काकूंनाही त्यांनी सक्त ताकीद दिली, की बँकेतल्या जुन्या ओळखीच्या कोणाकडे विषय काढायचा नाही.

पाचव्या दिवशी रात्री साडेअकराला काकांचा फोन वाजला. अर्ध्या तासाने सहावा दिवस लागणार होता. रक्कम पूर्ण, पैशापैशासकट.

‘‘आले का पैसे?’’ काकूंनी आतून विचारलं.

‘‘आले,’’ काका म्हणाले. ‘‘यांच्यात कधी नव्हे ती तत्परता आजच कुठून आली कोण जाणे.’’