शंकराच्या आरतीला चित्र थांबतं

सोसायटीच्या गणपतीची आरती सगळ्या विंगांच्या लॉबीतल्या टीव्हींवर दिसावी असा ठराव झाला आणि ‘तुम्ही कॉम्प्युटरवाले ना?’ म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी बँकेच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करतो. पण हे सांगायला तोंड उघडेपर्यंत टाळ्या वाजल्या होत्या.

मग मी मल्टिकास्टच्या प्रेमात पडलो. कॅमेऱ्याने २३९ ने सुरू होणाऱ्या एका ग्रुप पत्त्यावर एकच प्रत पाठवायची, ज्याला हवी त्याने ग्रुपमध्ये शिरायचं. मीटिंगमध्ये हे मी इतकं रंगून सांगितलं की खजिनदारांना डुलकी लागली.

पहिल्या रात्री नेटवर्कच्या स्विचने आरती दिसेल त्या पोर्टवर ओतली. क्लबहाउसचं वायफाय झोपलं, कारण मल्टिकास्ट आलं की वायफाय ते आपल्या सर्वांत संथ चालीने पाठवतं. ज्येष्ठ नागरिकांची क्रिकेट मॅच अडकली आणि माझा उद्धार झाला. म्हणून मी आयजीएमपी स्नूपिंग सुरू केलं. कुठल्या घराला काय हवंय हे कान देऊन ऐकायचं आणि तेवढंच तिथे पोचवायचं. आमच्या सोसायटीत या कलेत तरबेज माणसं मजल्यामजल्यावर आहेत. स्विचला मात्र सेटिंग करून द्यावं लागतं.

वायफाय सुधारलं. पण रोज शंकराच्या आरतीला चित्र गोठायचं. टीव्ही बंद करून चालू केला की पुन्हा सुरू! दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी निदान केलं, ‘महादेव कोपलेत.’ मी केबल बदलली, कॅमेरा बदलला, शेवटी लॉबीत स्टॉपवॉच घेऊन बसलो. सगळे टाळ्या वाजवत असताना मी घड्याळाकडे बघतोय म्हणून मी नास्तिक असल्याची बातमी ए विंगपर्यंत गेली.

२६० सेकंद. ग्रुपमधल्या टीव्हीने पुन्हा ‘आहे’ म्हटलं नाही, तर इतक्या वेळाने स्विच त्याचं नाव खोडतो. आणि टीव्ही ‘आहे’ म्हणतो कोणी हजेरी घेतली तर. दर १२५ सेकंदांनी हजेरी घेणारा क्वेरिअर एरवी राउटरमध्ये असतो. आमच्याकडे कुठेच नव्हता. नुसते ऐकणारे सगळे, विचारणारा कोणी नाही. मुख्य स्विचवर क्वेरिअर चालू केला आणि त्या संध्याकाळी आरती मंत्रपुष्पांजलीपर्यंत अखंड चालली.

त्याच संध्याकाळी काकूंनी लॉबीतल्या टीव्हीला बेल वाहिला होता. बेलाचे अकरा रुपये इतिवृत्तात मंजूर झाले आहेत. माझं केबलचं बिल विचाराधीन आहे.