व्हीगन नवऱ्यासह इंदूर पाहण्याची शास्त्रोक्त पद्धत

सदर मार्गदर्शन अशा स्त्रियांसाठी आहे, ज्यांच्या नवऱ्याने चाळिशीनंतर दूध सोडले आहे आणि तरीही ज्यांना इंदूरला जायचे आहे. नवरा नुसताच शाकाहारी असेल तर हे वाचण्यात वेळ दवडू नये. त्याला या शहरात काही कमी पडणार नाही. अडचण फक्त दुधाची आहे, आणि इथे दूध कुठून शिरेल याचा नेम नाही. लिंबाचे सरबत समजून शिकंजी मागवावी, तर समोर येते ती सुकामेवा घातलेली, दाट, दुधाची. भुट्टे का कीस दिसायला गरीब. पण मका किसून, तुपात परतून, वर दुधात शिजवलेला असतो.

नियम पहिला : नवऱ्याला बोलू देऊ नये.

तो ‘हम व्हीगन हैं’ अशी सुरुवात करतो. दुकानदार क्षणभर विचार करून म्हणतो, “अच्छा, जैन हो भिया?” मग कांदा-लसूण काढून टाकतो आणि पाहुण्याचे नुकसान नको म्हणून वरून चमचाभर तूप सोडतो. दुसऱ्या गाडीवर उपवास समजतात. तेव्हा तत्त्व सांगू नये, यादी सांगावी, तीही बोटांवर मोजत : दूध, दही, घी, मक्खन, मावा, पनीर. ‘घी’ दोनदा म्हणावे, कारण इथे पुष्कळांच्या लेखी तूप हा दुधाचा पदार्थ नसून आशीर्वाद आहे. कारण विचारलेच तर ‘डॉक्टरने मना किया है’ म्हणावे. तत्त्वाशी लोक वाद घालतात, आजाराला कढई धुऊन देतात. आमच्याकडे मात्र हा उपाय बाद आहे, कारण नवऱ्याला खोटेही चालत नाही. तूप चालत नाही, खोटे चालत नाही, आणि हॉटेल निवडायचे मी!

नियम दुसरा : सकाळ पोह्यांवर काढावी.

इंदुरी पोहे उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या परातीत वाफेवर गरम राहतात, म्हणून तेल कमी आणि मऊपणा जास्त. त्यात बडीशेप असते. पुणेकरांनी यावर मत देऊ नये, खाऊन पाहावे. वर शेव, कांदा, लिंबू आणि जिरावण नावाचा मसाला. यात आक्षेपार्ह काही नाही. शेजारची जिलबी मात्र संशयित. ‘शुद्ध देशी घी’ ही पाटी इतरांसाठी जाहिरात आणि तुमच्यासाठी धोक्याची सूचना. तेलातली सापडली तरी पीठ आंबवताना दही घातले होते का, हे विचारावे लागते. ते नवरा विचारेल. तोवर तुम्ही जिलबी खाऊन घ्यावी.

नियम तिसरा : साडीच्या दुकानात चहा नाकारायची तयारी घरून करून जावी.

राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत कापड, भांडी, दागिने सगळे चालत्या अंतरावर आहे. पण इंदूरला येऊन बघायची ती माहेश्वरी. अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर इथून साधारण नव्वद किलोमीटरवर. त्यांच्या आश्रयाने तिथे हे विणकाम वाढले. पदरावर पाच पट्टे, आणि काठ असा की दोन्ही बाजूंनी नेसता येतो. नेहमीची माहेश्वरी उभ्या धाग्यात रेशीम आणि आडव्यात सूत अशी असते. इथेच घोळ होतो, कारण व्हीगन माणसाला रेशीमही वर्ज्य.

पांढऱ्या गादीवर पोऱ्या भराभर घड्या उलगडत असतो, शेटजी चहा मागवतात, आणि आपला माणूस कोष उकळताना आतल्या किड्याचे काय होते ते सांगू लागतो. किड्याचे शेटजी शांतपणे ऐकून घेतात. चहा नको म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडतो. ‘बिना दूध की, नींबू डाल के’ हे वाक्य इथे पटकन टाकावे. लिंबूचहा येतो आणि मान राहतो.

सुती माहेश्वरी मागितली तर मिळते, हे लक्षात ठेवावे. शंका असेल तर पदराच्या कडेचा सुटा धागा मागून घ्यावा आणि दुकानाबाहेर जाळून पाहावा. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि काळी, चुरगळणारी गोळी उरते. सूत कागदासारखे जळून राख होते. नवऱ्याच्या खिशात यासाठी काडेपेटी असते. सिगारेट त्याने आयुष्यात ओढलेली नाही.

रेशमाचीच घ्यायची असेल तर दुसऱ्या दिवशी एकटीने जावे.

नियम चौथा : छप्पन दुकान ही खाऊगल्ली. नियम तेच. नवऱ्याने नाकारलेला द्रोण रस्त्यावर टाकू नये. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून वर्षानुवर्षे पहिले आलेले गाव आहे, लोक बघतात.

नियम पाचवा : सराफ्यात उपाशी जावे आणि उशिरा जावे.

दिवसा सोन्याचांदीचा बाजार. रात्री सराफांची शटरे पडली की त्याच ओट्यांपुढे कढया लागतात. एवढ्या रबडी-मालपुव्यांत हा काय खाणार, अशी धास्ती वाटते, पण नवऱ्याची ताटली तुमच्याआधी भरते. खोपरा पॅटिसमध्ये बाहेर बटाटा, आत ओले खोबरे. तळण तेलाचे आहे एवढे पाहावे आणि दह्याची चटणी बाजूला ठेवायला सांगावी. थंडीत गेलात तर गराडू : कंदाचे तुकडे खरपूस तळून लिंबू आणि मसाला. हा गरमच खावा, गार झाला की दातांना चिवट लागतो. साबुदाण्याची खिचडी समोरच कालवून देतात, म्हणजे काय पडते ते दिसते. दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलतात, तो नवऱ्याने पाहायला हरकत नाही.

शेवटी रबडी. ती एकच मागवावी, आपल्यासाठी. नवरा तुमची पर्स धरून उभा राहतो आणि मग विचारतो, “कशी आहे?” ‘छान’ म्हणून भागत नाही. साय तोंडात लागते का, करपट वास आहे का, साखर पुढे आली आहे का, सगळे सांगावे लागते. लग्नानंतर रबडी खायला मला यानेच शिकवली. याला आता माझ्या तोंडून ऐकायची असते. सावकाश सांगावे. घाई असेल तर रबडी मागवूच नये.

परतीची खरेदी. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून हुरळू नये. त्याला दूध शाकाहारीच वाटते. घटक वाचावेत. जिरावण भरपूर घ्यावे, पेरूवरही चालते. शेवेची पुडकी मात्र प्रत्येकाची वेगळी बांधून घ्यावीत. बेसन, तेल, लवंग, मिरी. नाकारण्यासारखे त्याला काहीच सापडत नाही आणि सामायिक पुडके देवास यायच्या आत संपते.