अभद्र कागद
आमच्याकडे बारशाला मुहूर्त, मुंजीला मुहूर्त, फ्लॅटचं बुकिंगसुद्धा दसऱ्याला. मृत्युपत्राचा विषय काढला की मात्र आजी म्हणते, "भरल्या घरात अभद्र बोलू नकोस." खरं तर साधा कागद, सही नि दोन साक्षीदार एवढ्यावर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा खूश. स्टँप नको, नोंदणीचीही सक्ती नाही. पण आजोबांची सगळी भिस्त नॉमिनीवर. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालय सांगून थकलं. आजोबा बँकेतल्या कारकुनाचंच खरं मानतात. "आपल्यात कुठे भांडणं होतात?" म्हणणारे धाकटे काका दर तीन महिन्यांनी सातबारा काढून आणतात. सहज. वडिलोपार्जित जमिनीत आत्याचाही भावांइतकाच वाटा आहे, २००५ पासून. तिची ओटी हल्ली जरा जास्तच भरतात.